कंट्रोलच्या चार ओळी

८ जानेवारी २०२५, धुळे

सकाळचे दोन तास घेऊन झाल्यावर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसले. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडलं. वर मेनूंची रांग, खाली रिकामे चौकोनच चौकोन. चाळिशीला टेकलेली बाई मी, आणि नव्या सुनेसारखी कुठल्या डब्यात मीठ नि कुठल्यात साखर ते शोधत बसले होते.

बोरसे सर, म्हणजे माझे गाईड, जळगावला असतात. ते फोनवर म्हणाले होते की सोपं आहे, अ‍ॅनलाइझमध्ये जा, जनरल लिनियर मॉडेल, मग मल्टिव्हेरिएट, वरच्या खिडकीत मापं टाक, खालच्या खिडकीत गट टाक, ओके म्हण. सोपं आहे म्हणणाऱ्या माणसांचं मला नेहमी नवल वाटतं. सरांनी हे स्वतः शेवटचं कधी केलं होतं, देवच जाणे.

मलाच नीट कळावं म्हणून लिहून ठेवते. भडगावजवळ मावशीच्या मळ्यात माझी केळी आहे. मृगबाग, जूनची लागवड. चार ओळींना पूर्ण खत, चार ओळींना अर्धं खत आणि वर जिवाणूंचं खत, आणि चार ओळींना काहीच नाही, नुसतं पाणी. ह्या शेवटच्या चार म्हणजे कंट्रोल. कुठल्या ओळीला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, त्यामुळे खाणाऱ्या ओळी आणि उपाशी ओळी शेजारीशेजारी उभ्या आहेत. झाडाची उंची, बुंध्याचा घेर, पानं, पुढं घडाचं वजन आणि फण्या, असं सगळं मोजायचं. एकेका मापाची वेगळी परीक्षा घेत बसण्यापेक्षा मॅनोव्हा ही सगळी मापं एकदम धरते आणि विचारते, बाई, हे तीन गट खरंच वेगळे आहेत की तुला उगाच वाटतंय? शेवटी 'सिग' नावाच्या रकान्यात एक आकडा येतो. तो शून्य पॉइंट शून्य पाचच्या खाली आला तर गट वेगळे. वर गेला तर बस रडत.

आज डिसेंबरपर्यंतची मापं घातली. आकडा आला ०.८१. माझंच काहीतरी चुकलं असणार.

११ जानेवारी

चूक सापडत नाही. सगळे आकडे वहीवरून पुन्हा भरले. ०.८१ ते ०.८१.

मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते आहे. प्राचार्यांनी परवा तोंडावर सांगितलं, पुढच्या वर्षी कायम जागा भरणार, पीएच.डी. नसेल त्यांनी अर्जाचा त्रास घेऊ नये. आणि माझ्या नोंदणीची मुदत एकतीस ऑगस्टला संपते. एक मुदतवाढ घेऊन झाली, दुसरी देत नाहीत. म्हणजे केळीची झाडं आणि हा रकाना मिळून माझं काय ते ठरवणार. माझ्या हातात काय, तर माउस.

ह्यांनी संध्याकाळी विचारलं, काय म्हणतो तुझा मनोहर? आमच्या घरात मॅनोव्हाचं नाव मनोहर पडलंय. मला हसूही आलं नाही.

२ फेब्रुवारी, भडगाव

मोजायला आले. ताईबाई मावशी माझ्या आईची थोरली बहीण. सत्तरी आली तरी दिवस उगवला की मळ्यात. झुलाल आबा, तिचे यजमान, ह्यांच्या नावावर जमीन, ठिबकमधून खत सोडायच्या व्हॉल्व्हच्या चाव्या त्यांच्याकडे. तीच पहिली काळजी मी घेतली होती. लागवडीच्या आधीच आबांना बसवून सगळं समजावलं, की ह्या चार ओळींना खताचा थेंब जाता कामा नये. मावशी तिथंच शेंगा फोडत होती. तिनं एकदा वर बघितलं, मग परत शेंगा.

आज कंट्रोलच्या ओळीत टेप लावायला वाकले तर पाय घोट्यापर्यंत रुतला. शेणाचा हा वास! चप्पल हौदावर नेऊन घासावी लागली. ठिबकची नळी फुटली की काय म्हणून आबांना हाक मारली. ते म्हणाले, नळी धड आहे, खताचा व्हॉल्व्ह बंदच आहे, मी काय लहान आहे का. मग जनावर शिरलं असेल.

फोटो काढायचे होते. मावशी बादली घेऊन नेमकी ओळीच्या तोंडाशी उभी. तिला म्हटलं, मावशी, जरा बाजूला हो गं, फोटोत येतेस. झाली बिचारी बाजूला.

कंट्रोलची पानं चांगली काळीशार दिसतात. का ते कळत नाही.

२३ फेब्रुवारी, धुळे

नवीन मापं घातली. आता ०.७७. म्हणजे प्रगती आहे म्हणायची.

पंधरा दिवस मी ह्या सॉफ्टवेअरच्या पाया पडते आहे. बॉक्स एम म्हणून एक विघ्न आहे, ते आधी पार करावं लागतं. ते केलं. फार वेगळी पडणारी झाडं शोधून काढतात, ते केलं. तशी दोनच निघाली, त्यातलं एक तर डुकरांनी खाल्लेलं. निकालाच्या टेबलात एकाच प्रश्नाला चार कसोट्या उत्तर देतात, पिलाईच्या खाली विल्क्स, विल्क्सच्या खाली आणखी दोन, चारही नवस करून बघितले. चौघंही एकच सांगतात. सरांना फोन केला तर म्हणाले, घड येऊ दे, घडात फरक दिसेल. मी हो म्हटलं. हो म्हणण्यापलीकडे मला येतं काय?

१५ मार्च, जळगाव

ज्योतीकडे गेले होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिनं माझी फाइल उघडली, चहा थंड होईपर्यंत बघत बसली. मला वाटलं आता बोट ठेवेल, की मॅडम, इथं चुकलात. तिनं सरळ सांगितलं, "सॉफ्टवेअर खोटं बोलत नाहीये. तुमची झाडंच सारखी आहेत."

मला राग आला. म्हटलं, बाई, नऊ महिने काही न खाल्लेलं झाड आणि पोटभर खाल्लेलं झाड सारखं कसं असेल? ती म्हणाली, तेच शेतावर विचारा. मी म्हटलं, विचारलं, आबांना तीनदा विचारलं. आबा दिवसभर मळ्यात असतात का, असं तिनं विचारलं. म्हटलं, छे, ते सकाळी मोटर सुरू करून जे पारावर जाऊन बसतात ते जेवायलाच उगवतात, मळा सगळा मावशी बघते. पण जमीन त्यांची, व्हॉल्व्ह त्यांच्या हातात, मग विचारायचं ते त्यांनाच ना.

ज्योतीनं फाइल बंद केली. हुशार पोरगी आहे, पण शेतीतलं तिला काही कळत नाही.

२० एप्रिल, धुळे

उन्हानं जीव नकोसा झालाय. मातीचा तपासणी अहवाल आला. माती चांगली आहे, पण एवढीही नाही की वर्षभर फुकट पोसेल. सर म्हणतात, गिरणाकाठची जमीन, काही सांगता येत नाही.

दुपारी मावशीचा फोन. इतकी आनंदात होती की आधी मला काही कळेचना. केळी निसवली, म्हणजे झाडांतून घड बाहेर पडायला लागले, ते सांगायला तिनं शेजारच्या पोरीकडून नंबर लावून घेतला होता. "तुन्ही बठ्ठी केळी एकसारखी निसवनी व माय. एक बी झाड मांगे नही. देखीसन जीव गार व्हई गया."

एक बी झाड मांगे नही. मी बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिचा जीव गार होतोय आणि माझा जातोय. हे तिला सांगायचं तरी कसं?

७ जुलै, भडगाव

कापणी संपली. तीन दिवस मी वजनकाट्यापाशी उभी. घड काट्यावर चढतो, मी आकडा लिहिते, घड ट्रकमध्ये. व्यापाऱ्याचा माणूस खूश, म्हणाला, ताई, पूर्ण बाग सारखा माल, असा माल हल्ली बघायला मिळत नाही. त्याला वाटलं मी हसेन.

लॅपटॉपवर आबांच्या ओट्यावरच चालवून बघितलं. ०.७४. हा शेवटचा आकडा. ह्याच्यानंतर मोजायला काही उरलं नाही, शेतात नुसते बुंधे उभे आहेत.

९ जुलै, भडगाव

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नव्हतं.

दुपारी जेवायला बसलो. वरण-बट्टी केली होती मावशीनं, कापणी झाली म्हणून. आबा जेवून पारावर गेले. मी बट्टी नुसती कुस्करत बसले. मावशीनं विचारलं, काय झालं. आणि मी पहिल्यांदा तिला सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं, तिला काय कळणार म्हणून. म्हटलं, मावशी, त्या चार ओळी मागं राहायला हव्या होत्या. त्या मागं राहिल्या असत्या तर मला पदवी मिळाली असती, कायमची नोकरी मिळाली असती. त्या मागं राहिल्याच नाहीत. का ते मला कळत नाही, माझं सगळं गेलं.

मावशीनं हातातली वरणाची पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी वाढं ना त्यासले."

मला कळलंच नाही. मी विचारलं, काय वाढलं?

"गोबरगॅसनी स्लरी. तू बाकीनासले खत दे तवय मी त्यासले बादलीभर दिऊ." हे ती अगदी साधेपणानं बोलली, जशी रोजचं काम सांगते तशी. "एक पंगतमा बसाडानं, आजूबाजूना ताट भरानं आनि मझारलासले उपाशी उठाडानं? मन्हाघाई हाई पाप नही व्हवाव."

मी ओरडले. सख्ख्या मावशीवर, जेवता जेवता. म्हटलं, ते झाड आहे, माणूस नाही, पंगत कसली आणि पाप कसलं! वर्षभर मी आकड्यांशी डोकं फोडतेय आणि तू एक शब्द बोलली नाहीस?

"तू माले इचारं कधय?" ती म्हणाली.

खरंच नव्हतं विचारलं. एकदाही नाही. ताटावरून उठले, ओट्यावर येऊन बसले. आत ती माझं ताट झाकून ठेवत होती. तिच्यावर रागावू की स्वतःवर, की त्या बादलीवर, काही सुचेना. रागालासुद्धा जागा लागते, ती मला मिळेना.

१० जुलै, धुळे

येताना बसमध्ये ज्योतीला फोन लावला. ती पलीकडून एकदम उत्साहात आली. म्हणाली, मॅडम, म्हणजे नुसत्या स्लरीवरचा घड पूर्ण खताच्या घडाच्या बरोबरीनं उतरला? हे लिहा ना! मी म्हटलं, अगं, किती बादल्या, किती पातळ, कधी दिली, कशाची नोंद आहे? आराखड्यात स्लरीचा स कुठं आहे? तुला गंमत वाटतेय आणि इथं घर जळतंय. फोन ठेवून दिला.

१८ जुलै, जळगाव

सरांना सगळं सांगितलं. आधी ते खो खो हसले. मग दार लावून घेतलं.

दोनच रस्ते आहेत म्हणाले. एक, प्रयोग नासला असं खरं खरं लिहून द्यायचं, नवीन लागवड करायची, पण तुझी नोंदणी संपतेय, म्हणजे पहिल्यापासून नवा प्रवेश, नवी पाच वर्षं. दुसरा रस्ता सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पंख्याकडे बघितलं. "कंट्रोलचे आकडे थोडे खाली घे. केळी लोक खाऊन बसले. आता कोण मोजायला येणार?"

मी विचारलं, सर, हे बरोबर आहे का? ते म्हणाले, बरोबर काय ते झाडांनी वागायला हवं होतं. तसं ती वागली नाहीत.

बाहेर आले तर स्टँडवर चाळीसगावची गाडी लागली होती. उगीच वाटलं, बसावं आणि जावं कुठंतरी. धुळ्याच्या गाडीत बसले.

२४ ऑगस्ट, धुळे

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नाही. रोज फाइल उघडते, रोज बंद करते. घरात कुणी मनोहरचं नाव काढत नाही. ह्यांनी एकदाच म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर. ह्याच्याइतकं निरुपयोगी वाक्य मराठीत दुसरं नसेल. योग्य काय ते मला लख्ख माहीत आहे. झेपेल काय ते कुणी सांगत नाही.

२७ ऑगस्ट

केलं.

सगळ्यांना सारखी कात्री लावली तर लगेच कळेल, म्हणून एकेका झाडापाशी थांबून केलं. एका घडातून थोडं जास्त काढलं, एकातून थोडं कमी. दोन फण्या ह्याच्या काढल्या, एक त्याची. बुंधे बारीक केले. पानं कमी केली. झाडं मला ओळखीची आहेत, हेच वाईट झालं. हौदाजवळचं, वाऱ्यानं कललेलं, आबांनी दोरी बांधून सरळ केलेलं. त्याच्या रकान्यात आले तेव्हा हात थांबला. मग त्याच्यातूनही काढलं.

मग अ‍ॅनलाइझ, जनरल लिनियर मॉडेल, मल्टिव्हेरिएट, ओके. आता ही वाट मला झोपेतसुद्धा सापडेल. सिगच्या रकान्यात तीन शून्यं आली. टेबल असं देखणं आलं की मी बघतच राहिले. आठ महिने ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं हे मला माहीत नव्हतं. बंद करताना सॉफ्टवेअरनं विचारलं, बदल जतन करायचे का? हो म्हटलं.

२९ ऑगस्ट

प्रबंध जमा केला. पावती मिळाली.

१२ फेब्रुवारी २०२६, जळगाव

तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक भले गृहस्थ होते, आवाज मऊ. त्यांनी कंट्रोलच्या टेबलवर बोट ठेवलं. म्हणाले, "इतका स्वच्छ कंट्रोल क्वचित बघायला मिळतो. शेतकऱ्यानं फार शिस्त पाळलेली दिसते." सर म्हणाले, हो हो, घरचीच माणसं आहेत. टाळ्या वाजल्या. मी सगळ्यांच्या पाया पडले, आपण कुणाच्या पाया पडतोय तेही न बघता.

१५ फेब्रुवारी, भडगाव

पेढे घेऊन मावशीकडे गेले. ज्या दिवशी ताटावरून उठले त्यानंतर पहिल्यांदाच. मनात भीती होती, पण तिनं दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. शेजारच्या बायकांना बोलावून आणलं, मन्ही भाची डॉक्टर व्हई गयी, सुई टोचाना डॉक्टर नही, केळीना डॉक्टर. सगळ्या हसल्या. आबांनी दोन पेढे खाल्ले.

बायका गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिला सात महिने ते खात होतं, असं म्हणाली. माझ्या हातानं पोरीचं नुकसान झालं असंच तिला वाटत होतं, रात्री झोप लागत नव्हती. देवानं तारलं. मग तिनं सहज विचारलं, त्या चार ओळींचं शेवटी काय लिहिलंस?

खोटं बोलता आलं असतं. आता त्यात मी तरबेज आहे. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि बरं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून वाट बघत होती. मी म्हटलं, त्या मागं राहिल्या असं लिहिलं, मावशी. त्यांना काही मिळालं नाही, म्हणून वाढल्या नाहीत, असं.

तिनं हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. रागावली नाही. रागावली असती तर मला सोसलं असतं.

"मी त्यासले पोटभर वाढं व माय," ती म्हणाली. "आनि तू त्या उपाशी व्हत्यात आसं लिखं."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि तिनं मला जेवायला वाढलं. भाजी संपली तशी पुन्हा वाढली. मी सगळं खाल्लं. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.